नऊशेचा फरक

काका, सा. न.

मी ४३ वर्षांची, नाशिकला एका पतसंस्थेत काउंटरला आहे. घरी ७८ वर्षांच्या सासूबाई, बारावीतला मुलगा, मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीमुळे गीतेच्या ग्रुपात आले. पंधरावा अध्याय पाठ झाला, मग सहावा अर्थासकट वाचला आणि तेव्हापासून पहाटे सव्वाचारला उठून अर्धा तास ध्यानाला बसते. बसते म्हणजे नुसती बसते. पहिल्या मिनिटाला दूधवाल्याचे पैसे, दुसऱ्याला मुलाचा क्लास, तिसऱ्याला काल कोण काय बोललं. कधी बसल्याबसल्या डुलकी लागते. रात्री आवरून पाठ टेकायला पावणेबारा होतातच. ग्रुपही आता तीन झालेत, सकाळी उठून बघावं तर दोनशे मेसेज.

गेल्या महिन्यात कहर झाला. ५,४०० चा भरणा मी ४,५०० टाकला. संध्याकाळी कॅश नऊशेनं जास्त. साडेसातपर्यंत सगळी शाखा माझ्यासाठी थांबून. खरं म्हणजे त्याच वेळी मी मुलाला ‘क्लासला पोचलास का’ म्हणून दुसरा मेसेज टाकत होते. घरी आले तर सासूबाईंनी ‘कपाटाची किल्ली कुठंय गं’ हे चौथ्यांदा विचारलं आणि मी फोनमधून डोकं वर न काढता खेकसले.

मैत्रीण म्हणते तुझा संकल्प कच्चा आहे. आठवड्यात माझं डोकं शांत असतं ते फक्त शनिवारी रात्री, सासूबाईंच्या पायांना तेल चोळते तेव्हा. पण ते काही ध्यान नव्हे. माझ्यासारखीनं हा नाद सोडून द्यावा का?

– एक वाचक, नाशिक

*

ताई,

आधी नऊशेचं बघू, मग गीतेचं. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशमध्ये, त्यामुळे तुमच्या पत्रात माझी नजर पहिल्यांदा त्या आकड्यावरच थांबली. फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला की जुने कॅशिअर म्हणायचे, पैसे कुठं गेलेले नाहीत, आकडे उलटे बसलेत. शेजारचे दोन आकडे आपसात बदलले की फरक नऊच्या पटीतच येतो. नऊशे म्हणजे घोळ हजाराच्या आणि शेकड्याच्या घरात, आणि त्या दोन आकड्यांत अंतर एकाचं. ५४ चे ४५, नाहीतर ३२ चे २३. तेवढ्याच स्लिपा बाजूला काढायच्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुम्हांला साडेसात वाजले, कारण हात व्हाउचरं चाळत होते आणि डोकं स्वतःला शिव्या घालत होतं.

एवढं सविस्तर सांगितलं कारण बाकीचं पत्र वाचतानाही मला हेच वाटत राहिलं. शिल्लक जागेवर आहे. मांडताना आकडे उलटे पडलेत.

पहिला उलटा आकडा झोपेचा. पावणेबाराला पाठ टेकायची आणि सव्वाचारला उठायचं, म्हणजे साडेचार तास. सहावा अध्याय अर्थासकट वाचलात म्हणता, मग त्यातला सोळावा श्लोक पुन्हा काढा. ‘न चातिस्वप्नशीलस्य जाग्रतो नैव चार्जुन.’ अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि जागत राहणाऱ्यालाही साधत नाही. लगेच पुढच्या श्लोकात खाणं, हिंडणं, काम, झोप, जागरण सगळं बेतात ठेवायला सांगितलंय. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार येते चौतिसाव्या श्लोकात. म्हणजे तो तक्रार करायच्या आधीच भगवंतांनी त्याला झोपेचं सांगून ठेवलेलं आहे. पाठांतराच्या ग्रुपात हे दोन श्लोक भराभर म्हटले जातात, सोपे आहेत ना.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी चित्ताच्या एकाग्रतेला लागूनच जीवनातली परिमितता ठेवली, मोजूनमापून जगणं. वह्या तपासणाऱ्या माणसाला हे लवकर पटतं. साडेचार तासांच्या झोपेवर साडेएकोणीस तासांचा दिवस काढला तर ओव्हरड्राफ्ट कुठंतरी दिसणारच. तुमचा काउंटरवर दिसला.

ब्राह्ममुहूर्ताचं म्हणाल तर मला त्याबद्दल आदर आहे. पण ज्यांनी तो सांगितला त्यांच्याकडे दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत निजानीज व्हायची. त्यांना रात्री दहाला क्लासवरून आलेल्या पोराला गरम वाढायचं नव्हतं आणि अकराला उद्याच्या डब्याची गवार मोडायची नव्हती. आपण पहाट त्यांची घेतली आणि रात्र आपली ठेवली. गजर बंद करा, आज रात्रीच. सहाला उठा. मैत्रिणीला सांगा, काकांनी संकल्प मोडायला लावला, माझ्या नावावर टाका. तीन-चार आठवडे पुरेशी झोप होऊनही काउंटरवर गाडी घसरत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ बघून घ्या. या वयात पाळीच्या बदलांनीही झोप आणि लक्ष दोन्ही बिघडतं. त्यावर जप हे औषध नव्हे.

आता बसल्यावर मन पळतं त्याचं.

अर्जुन म्हणाला, या मनाला धरणं म्हणजे वाऱ्याला धरणं. ज्ञानेश्वरांना तेवढ्यानं समाधान नाही. त्यांचा अर्जुन विचारतो, ‘म्हणोनि ऐसें कैसें घडेल । जे मर्कट समाधी येईल.’ माकड कधी समाधी लावेल काय? आणि यावर श्रीकृष्णाचं उत्तर कोणत्या शब्दानं सुरू होतं बघा: ‘असंशयं.’ शंकाच नाही, बाबा, तू म्हणतोस तसंच आहे. गांडीव पेलणाऱ्या माणसालाही तो संकल्प कच्चा म्हणत नाही. अभ्यास आणि वैराग्य या दोन गोष्टी सांगतो आणि पुढं जातो. तुमची मैत्रीण भगवंतांपेक्षा कडक आहे.

अभ्यास कसला, तेही त्याच अध्यायात आधी येऊन गेलंय, सव्विसाव्या श्लोकात. ‘यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्. ततस्ततो नियम्यैतत्…’ जिथं जिथं निघून जाईल तिथून तिथून परत आणायचं. ‘यतो यतो’, ‘ततस्ततो’. दोन्ही शब्द दोनदा. एकदा आणलं की बसून राहील असं श्लोकानं धरलेलंच नाही.

याचा अर्थ मला कुठल्या प्रवचनात कळला नाही. माझ्या पहिल्या शाखेत एक हेड कॅशिअर होते. शंभर नोटांची गड्डी हातात, बोट ओल्या स्पंजवर, ओठ पुटपुटत. त्रेसष्टाव्या नोटेला कुणीतरी जाळीतून डोकं घालून ‘साहेब, चलन कुठं भरायचं?’ विचारायचाच. ते गड्डी खाली ठेवायचे. त्या माणसाकडे बघून ‘दोन नंबरला’ म्हणायचे. मग गड्डी उचलून पुन्हा पहिल्या नोटेपासून. बासष्ट झाल्या होत्या म्हणून त्रेसष्टपासून पुढं, असं कधी नाही. दिवसातून वीसदा हे व्हायचं. मी नवखा होतो, विचारलं, चिडचिड होत नाही का हो? म्हणाले, ‘चिडलो तर पुढची गड्डीपण चुकते.’ गीता त्यांनी वाचली असेल असं वाटत नाही. तंबाखू मात्र फार सुरेख मळायचे.

तर, बसलात आणि दूधवाला आठवला? गड्डी खाली, पुन्हा एकपासून. क्लास आठवला? पुन्हा एकपासून. अर्ध्या तासात चाळीसदा परत आलात तर चाळीसदा अभ्यास झाला, आणि माझ्या हिशोबानं तेवढं बसणं भरलं. अर्धा तासही नको खरं तर. सकाळची अंघोळ आणि पोळ्या यांच्या मध्ये दहा मिनिटं घ्या. दूधवाल्याचे पैसे खरोखर राहिले असतील तर आदल्या रात्री कॅलेंडरवर लिहून टाका. देणं खरंच बाकी असताना मन त्याची आठवण करून देत असेल तर ती त्याची ड्यूटी आहे.

आणि आता तेल.

पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही ‘पण ते काही ध्यान नव्हे’ म्हणून झटकून टाकलंत. कुणी सांगितलं तुम्हांला? पतंजलींनी धारणेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’. चित्त एका जागी बांधणं. आणि त्याच जागी जाणीव एकसारखी वाहत राहिली की ते ध्यान. ही जागा देव्हाऱ्यापुढचीच पाहिजे असं त्या सूत्रात म्हटलेलं नाही. रामानुजाचार्यांनी ध्यान कसं असतं हे सांगताना दाखला दिला तो तेलाच्या धारेचा. शनिवारी बाटलीतून वाटीत तेल ओताल तेव्हा नीट बघा. पाणी ओतलं की ते तुटतं, थेंबथेंब होतं, आवाज करतं. तेलाची धार वरपासून खालपर्यंत एकच असते, इतकी सलग की वाहतेय की नुसती उभी आहे कळत नाही. मग तुमचा अंगठा टाचेच्या भेगांवरून घोट्याकडे जातो, सासूबाई ‘इथं, जरा वर’ म्हणतात, आणि पंधरा मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

मी तेलाच्या वाटीला समाधी म्हणत नाही हं. गीतेला आणि पतंजलींना जिथं पोचायचं आहे ते ठिकाण फार पुढं आहे आणि मीही ते पाहिलेलं नाही. पण त्या वाटेला लागतानाचं पाऊल तुमच्या घरी दर शनिवारी पडतंय आणि त्याची नोंद मात्र तुम्ही करत नाही. भरणा आलाय, खात्यावर चढवला नाही.

ज्ञानेश्वरांनी त्या मर्कटाच्या प्रश्नाला जे उत्तर दिलंय ते मला मूळ श्लोकाहूनही जवळचं वाटतं:

कां जे यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके ।
म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥

या मनाची एक गोष्ट चांगली आहे. जिथं गोडी लागते त्या जागेला ते सोकावतं. म्हणून कौतुकानं त्याला ते सुख दाखवत जावं. ‘सोकावणं’ हा शब्द आपण चोरून दूध पिणाऱ्या मांजराला वापरतो, आणि माउलींनी मनाच्या त्याच खोडीला चांगला गुण म्हटलंय. फोनला मन सोकावलं ते याच गुणामुळे. तेलालाही सोकावेल. शनिवारी तेल झालं की हात पुसून तिथंच, त्याच पाटावर, पाच मिनिटं डोळे मिटून बसा. तुमचं खरं ध्यान तिथून सुरू करा, पहाटेच्या झोपेत नको. जमलं तर बुधवारीही तेल लावा. सासूबाई नाही म्हणायच्या नाहीत.

काउंटरवर हेच कसं करायचं? मन बांधायला जागा पाहिजे, आणि ती तुमच्या समोरच छापलेली आहे. स्लिपेवर रक्कम दोनदा असते, अंकी आणि अक्षरी. अंकी बघून टाइप करण्याची सवय सगळ्यांना असते, तुम्हीही तेच केलं असणार. यापुढं अक्षरी रक्कम मनात वाचून मग आकडे टाका. पाच हजार चारशे. ५४ चे ४५ डोळ्याला होतात, पण ‘चोपन्नशे’चं ‘पंचेचाळीसशे’ जिभेला होत नाही. दोन सेकंदं जास्त लागतील. समोर उभा माणूस त्यामुळे बोंब मारणार नाही, आणि मारलीच तर हेड कॅशिअर आठवा.

मुलाच्या मेसेजवर यायलाच पाहिजे. संसारी माणसाच्या लक्षाबद्दल नामदेवांइतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं मला माहीत नाही. त्यांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे, रामकली रागात. पोरगा कागदाचा पतंग करून आभाळात सोडतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीपाशी: ‘चीतु सु डोरी राखीअले’. पाण्याला गेलेल्या पोरी हसतखिदळत येतात, चित्त डोईवरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. शेवटचं चित्र तुमचं आहे. आई बाळाला पाळण्यात निजवून आतबाहेर कामाला लागते आणि चित्त तान्ह्यापाशी असतं. नामदेव स्वतः शिंप्याच्या घरचे. हातात सुई आणि मनात दुसरं काही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पण पद नीट वाचा. त्यातली एकही बाई हातातलं काम टाकत नाही. आई दर दोन मिनिटांनी पाळण्याशी जाऊन बाळाच्या नाकाला सूत लावून बघत नाही. पतंगवाला दोरी धरून असतो. दर दोन मिनिटांनी पतंग खाली ओढून फाटला नाही ना बघणारा उडवणार कधी? ‘पोचलास का’ हा पहिला मेसेज दोरी होता. दुसरा म्हणजे पतंग खाली ओढणं. बारावीतला मुलगा क्लासला पोचतो हो. आणि नसेल पोचत, तर ते कॅश काउंटरवरून कळणार नाही.

फोनचं काय करायचं त्याची गोष्ट भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. एकनाथांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, काशीत, १५७३ मध्ये पुरी केली. त्यात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतली एक गुरू म्हणजे एक लग्नाची मुलगी. घरचे कुठं बाहेर गेलेले आणि नेमके मागणी घालायला पाहुणे दारात. पाहुण्यांसाठी ती आत साळी कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजायला लागतात. घरात कांडायलाही दुसरं कुणी नाही हे बाहेर कळणार, म्हणून तिला लाज वाटते. एकेक करून ती बांगड्या काढते. दोन-दोन उरतात, त्याही वाजतात. शेवटी एकेक ठेवते, आणि आवाज थांबतो.

भागवत यावरून सांगतं, साधकानं एकट्यानं राहावं. आपल्याला घर सोडायचं नाही, म्हणून मी ही गोष्ट फोनपुरती वापरतो. एखादे शास्त्रीबुवा रागावतील. माझं लक्ष जातं ते तिनं कांडणं थांबवलं नाही इकडे. बांगड्या मात्र सगळ्या काढल्या नाहीत, एकेक ठेवली. तुमच्या हातात गीतेच्या बांगड्याच तीन आहेत, दोनशे वेळा वाजणाऱ्या. त्यांतली एक ठेवा, तीही रविवारी उघडायची. सुप्रभाताच्या कमळांना भगवंत उत्तराची अपेक्षा करत नाहीत. कामाच्या वेळात फोन ड्रॉवरमध्ये, आणि वाजायची मुभा फक्त घरच्या नंबराला. ती एक बांगडी.

किल्लीचं शेवटी ठेवलं कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. खेकसलात, झालं; रात्री पायावर डोकं ठेवण्याचे वगैरे प्रकार नकोत. कपाटाच्या बाजूला खिळा ठोका, किल्लीला लाल नाडी बांधा आणि तिथं टांगा. पाचव्यांदा विचारतील तेव्हा हातातलं खाली ठेवा, त्यांच्याकडे बघा आणि सांगा, ‘खिळ्याला आहे, आई.’ गड्डी खाली, चलन दोन नंबरला, पुन्हा एकपासून. याला दहा सेकंदं लागतात. विसरणं वाढत चाललं असेल तर त्यांनाही एकदा डॉक्टरांकडे न्या, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

नाद सोडू नका. गजर तेवढा सोडा, आणि महिन्याभरानं लिहा: झोप किती झाली, बुधवारचं तेल सुरू झालं का, ड्रॉवरमधला फोन किती दिवस तिथं टिकला. मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

आणि कधी सत्तावीसचा फरक आला तर कुठल्या घरात बघायचं ते आता तुमचं तुम्हांला काढता येईल.

– काका